तपकिरी गरुडांची मोजदाद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

इतिहास शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. समोर काहीही आलं, की 'याआधी इथे काय होतं?' हा प्रश्न त्याला पडतो. पडका बुरूज पाहिला की पडतो, देवळातला जुना दीपमाळेचा दगड पाहिला की पडतो. पण आकाशात उडणारा पक्षी पाहून तो पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो पडला अमेरिकेत, मेरीलँड राज्यात, सस्क्वेहाना नदीच्या काठी, नोव्हेंबर महिन्यातल्या एका संध्याकाळी. त्या संध्याकाळची आणि तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या इतिहासाची ही गोष्ट आहे.

2023 साली दिवाळीनंतर मी मुलीकडे बाल्टिमोरला गेलो होतो. म्हाताऱ्या माणसाला तिथे दिवसभर करायचं काय, हा एक प्रश्नच असतो. ग्रंथालय झालं, संग्रहालयं झाली. मग एका शनिवारी मुलगी म्हणाली, "बाबा, आज तुम्हाला गरुड दाखवते." तासाभराच्या अंतरावर कोनोविंगो नावाचं धरण आहे. 1928 साली बांधून झालेलं, वीज निर्माण करणारं. धरणाच्या जनित्रांतून पाणी खाली येतं, तेव्हा त्याबरोबर आलेले मासे गरगरून, अर्धमेले होऊन पृष्ठभागावर तरंगतात. उत्तरेकडच्या नद्या-तळी गोठू लागली, की तिकडचे गरुड या आयत्या ताटावर येऊन बसतात. नोव्हेंबरमध्ये तर तिथे जत्राच असते. पक्ष्यांची असते, तशी माणसांचीही. तोफेसारखी लांबलचक भिंगं लावलेले कॅमेरे घेऊन माणसं ओळीनं उभी असतात. आणखी एक मौज म्हणजे तिथली काळी गिधाडं. ती उभ्या गाड्यांच्या काचांभोवतीचं रबर ओरबाडून काढतात. म्हणून जाणकार लोक गाडीवर ताडपत्री टाकून, ती दोरीने आवळून मगच नदीकडे जातात.

हा गरुड म्हणजे ज्याला तिथे 'बाल्ड ईगल' म्हणतात तो. अमेरिकेच्या राजमुद्रेवरचा, डॉलरच्या नोटेवरचा. 'बाल्ड' म्हणजे टकला असं आपण शाळेत शिकलो, पण हा पक्षी टकला मुळीच नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाला पांढऱ्या ठिपक्याचा, पांढऱ्या डोक्याचा असाही अर्थ होता, तो या नावात अडकून राहिला. लिनियसने 1766 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेही 'पांढऱ्या डोक्याचा' याच अर्थाचं. माझा जन्म दापोली तालुक्यातला, खाडीकाठचा. त्यामुळे पांढरं डोकं आणि तपकिरी अंग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आली ती आपली ब्राह्मणी घार. प्रत्यक्षात पाहिलं तेव्हा कळलं, की हा तिच्या दुपटीहून मोठा ऐवज आहे. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दोन मीटर! पाण्यावरून खाली येतो, पाय पुढे काढतो, मासा उचलतो आणि न थांबता वर जातो. त्याचा आवाज मात्र अगदीच किरकोळ, चिवचिवाटाच्या जवळचा. सिनेमात गरुड दाखवताना जी घुमणारी किंकाळी ऐकवतात, ती बहुतेक वेळा लाल शेपटीच्या ससाण्याची असते.

पावणेपाचच्या सुमारास सूर्य गेला. कॅमेरेवाल्यांनी आपलं सामान आवरायला घेतलं. उजेड नाही तर फोटो नाही. आम्हीही निघालो होतो. तेवढ्यात घडीच्या खुर्चीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे माझं लक्ष गेलं. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही आणि वहीत उभी रेघ मारून पाडलेले दोन रकाने. मला वाटलं, हे आता कशाची वाट पाहताहेत? मुलीने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "खरं काम आता सुरू होतं. दिवसा ते विखुरलेले असतात. संध्याकाळी रातवाऱ्याला झाडांवर जातात, तेव्हा एकेक मोजता येतो."

रातवारा, म्हणजे पाखरांनी रात्र काढण्याची जागा. आपल्याकडे बगळे, कावळे, पोपट जसे संध्याकाळी ठरावीक झाडांवर जमतात, तसेच हिवाळ्यात हे गरुडही जमतात. मला उत्साह वाटला. मीही मोजू लागलो. नदीपलीकडच्या काळ्या झाडीवर पांढरं डोकं आणि पांढरी शेपटी उरल्यासुरल्या उजेडातही ठळक दिसत होती. वीस मिनिटांनी मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "चौदा."

"आणि तपकिरी किती?" त्यांनी विचारलं.

तपकिरी? ते तर मी मोजलेच नव्हते. मला वाटलं, ती गिधाडं असावीत.

तेव्हा त्या गृहस्थांनी मला संध्याकाळच्या अंधुक उजेडात गरुड कसा ओळखायचा, याचा छोटासा पाठ दिला. मास्तराला शिष्य करणारा माणूस भेटणं दुर्मीळ असतं, म्हणून तो पाठ मी जपून ठेवला आहे. त्याचं पहिलं सूत्र असं, की रंगावर जाऊ नका. संध्याकाळी रंग आधी जातो, आकार नंतर. पांढऱ्या डोक्याचा पक्षी कोणीही ओळखेल. पण हा गरुड जन्मतो गडद तपकिरी. डोकं तपकिरी, शेपटी तपकिरी, चोचही काळपट. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पोटावर आणि पंखांखाली पांढरट शिंतोडे येतात, चौथ्या वर्षी डोकं उजळू लागतं, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास तो राजमुद्रेवरच्यासारखा दिसू लागतो. म्हणजे निदान चार वर्षं हा पक्षी गरुड असूनही लोकांच्या लेखी गरुड नसतो.

मग ओळखायचं कसं? तर पंखांची ठेवण पाहायची. गिधाड तरंगताना पंख वर उचलून इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे धरतं आणि वाऱ्यावर डावी-उजवीकडे डोलत जातं. त्याचं डोकं इतकं लहान की नसल्यासारखंच. ऑस्प्रे हा मासेमार पक्षी हिवाळ्यात आपल्या खाड्यांवरही येतो, त्याचे पंख कोपरात वाकलेले असतात. हा गरुड मात्र पंख सरळ, आडवे धरतो. सुताराने रंधून ठेवलेली फळीच जणू आकाशातून चालली आहे. आणि फळीच्या पुढे डोकं-चोच चांगली ठसठशीत बाहेर आलेली. सर्वांत कठीण फरक सोनेरी गरुडाशी. तोही तपकिरी, तोही तेवढाच मोठा. पण त्याचं डोकं लहान, शेपटी लांब आणि तरंगताना पंख किंचित वर. हात जवळ असता तर पाय पाहून ओळखता आलं असतं. सोनेरी गरुडाचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात, याचे खाली उघडे. पण अर्ध्या मैलावरून, अंधार पडताना, पाय कोण दाखवणार?

एवढं शिकून मी पुन्हा दुर्बीण लावली. एक मोठा काळपट पक्षी नदीवरून आला. मी म्हटलं, "गिधाड." ते हसले. म्हणाले, "पंख पाहा." पंख फळीसारखे सरळ होते.

मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. पण नंतर ग्रंथालयात जाऊन वाचलं, तेव्हा जरा बरं वाटलं. कारण ही चूक फार थोरामोठ्यांनी केलेली आहे. जॉन जेम्स ऑड्युबन हा अमेरिकेचा सर्वांत नामांकित पक्षी-चित्रकार. 1814 साली मिसिसिपी नदीवर त्याला एक प्रचंड तपकिरी गरुड दिसला. हा शास्त्राला माहीत नसलेला नवाच गरुड आहे असं त्याने जाहीर केलं, त्याला जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव दिलं आणि आपल्या प्रसिद्ध चित्रसंग्रहात त्याचं चित्रही छापलं. तसा पक्षी पुन्हा कोणालाच सापडला नाही. तो पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं वयात न आलेलं पोर असावा, असं पुढच्या अनेक अभ्यासकांनी म्हटलं. गंमत अशी, की या जातीत कोवळ्या पक्ष्याची पंखांची आणि शेपटीची पिसं मोठ्या पक्ष्यापेक्षा लांब असतात. त्यामुळे पोर बापापेक्षा थोराड दिसतं. अलीकडच्या एका अभ्यासकाने तर ऑड्युबनने हा पक्षी रचूनच सांगितला, असा आरोप केला आहे. ते काहीही असो. राष्ट्राचा मानाचा पक्षी म्हणून ज्याला 1782 सालच्या राजमुद्रेवर बसवलं, त्याची पोरं त्याच राष्ट्राच्या थोर चित्रकाराला ओळखू आली नाहीत, अशी शंका घ्यायला जागा आहे.

ही चूक कागदावरच राहिली असती तर हसून सोडून देता आली असती. पण पुढे ती जिवावर बेतली.

राजमुद्रेवर बसवलं म्हणून गरुडाला कोणी देव मानलं, असं नाही. बेंजामिन फ्रँकलिनने 1784 साली आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात या पक्ष्याची चांगलीच निंदा केली आहे. दुसऱ्याने पकडलेला मासा हिसकावून खाणारा हा पक्षी राष्ट्राचं प्रतीक कसला, असा त्याचा एकंदर सूर. शेतकरी आणि मेंढपाळ त्याला चोर समजून गोळी घालत. अलास्कात तर कहर झाला. तिथले कोळी म्हणत, हा आमचे सामन मासे खातो. कातड्यासाठी कोल्हे पाळणारे म्हणत, हा आमची पिल्लं नेतो. 1917 साली तिथल्या सरकारने गरुड मारणाऱ्याला बक्षीस लावलं. पाय कापून आणून दाखवायचे आणि पैसे घ्यायचे. आधी पक्ष्यामागे अर्धा डॉलर, पुढे वाढवत नेत दोन डॉलर. 1953 पर्यंत हे चाललं आणि तेवढ्या काळात सव्वा लाखाहून जास्त गरुडांची बक्षिसं वाटली गेली.

उरलेल्या अमेरिकेत 1940 साली या गरुडाच्या रक्षणाचा कायदा झाला. अलास्का त्यातून वगळलेलं होतं. पण इतर ठिकाणीही कायद्यात एक भोक राहिलं. पांढऱ्या डोक्याचा गरुड मारणं गुन्हा, सोनेरी गरुड मारणं मात्र गुन्हा नाही. आता तुम्हीच सांगा, बंदूक रोखून उभ्या असलेल्या माणसाला समोरचा तपकिरी पक्षी सोनेरी गरुड आहे की पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं पोर, हे कसं कळणार? आणि कळलं तरी तो कबूल कशाला करील? पोरं मरत राहिली. शेवटी 1962 साली अमेरिकी काँग्रेसने सोनेरी गरुडालाही संरक्षण दिलं आणि त्याचं एक कारण कायद्यातच लिहून ठेवलं : हे दोन पक्षी लहान वयात एकमेकांसारखे दिसतात आणि त्या घोटाळ्यात राष्ट्रीय पक्षी मारला जातो. ओळखता येत नाही म्हणून दोघांनाही वाचवा! पक्षी ओळखण्यातल्या अडचणीची नोंद संसदेच्या कायद्यात झाल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही.

मात्र तोवर बंदुकीपेक्षा मोठं संकट येऊन बसलं होतं. ते कोणाला दिसत नव्हतं. आणि ज्यांना दिसलं, त्यांना ते तपकिरी पक्षी मोजल्यामुळे दिसलं.

त्यातली पहिली जागा पेनसिल्व्हेनियातली एक डोंगरसोंड. शरद ऋतूत हजारो शिकारी पक्षी या सोंडेवरून दक्षिणेकडे जातात. एके काळी बंदूकवाले तिथे बसून करमणुकीसाठी त्यांना पाडत. रिचर्ड पफ नावाच्या तरुणाने 1932 साली त्या मेलेल्या पक्ष्यांच्या राशींचे फोटो काढले. ते पाहून न्यूयॉर्कच्या रोझली एज या बाई इतक्या अस्वस्थ झाल्या, की 1934 साली त्यांनी तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला आणि पुढे विकत घेतला. तेच आजचं हॉक माउंटन अभयारण्य. मॉरिस ब्राउन या रखवालदार-अभ्यासकाला त्यांनी तिथे नेमलं. बंदुका गेल्या आणि ब्राउन रोज वर बसून जाणारा पक्षी मोजू लागला. गरुड दिसला, की पांढऱ्या डोक्याचा की तपकिरी, हेही तो लिहून ठेवी.

मुलीला घेऊन पुढच्या रविवारी मी तिथे गेलो. माथ्यावरच्या दगडांवर बसलो आणि ब्राउनच्या मोजणीचे आकडे आठवले. 1935 ते 1939 या वर्षांत दिसलेल्या गरुडांपैकी चाळीस टक्के कोवळे होते. 1955 ते 1959 मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांवर आलं. 1957 साली तर बत्तीस मोठ्या गरुडांमागे एक पोर! गरुड तीसेक वर्षं जगू शकतो. त्यामुळे आकाशात पांढरी डोकी दिसत होती, लोक पाहत होते, 'वा!' म्हणत होते. घरातली वडीलधारी माणसं अंगणात बसलेली दिसावीत आणि पाळणा कित्येक वर्षं हललाच नाही हे कोणाच्या लक्षात येऊ नये, तसं ते झालं होतं.

दुसरी जागा फ्लोरिडा. चार्ल्स ब्रोली हे कॅनडातले निवृत्त बँक मॅनेजर. माणसं निवृत्त झाली की बागकाम करतात, ब्रोलींनी उंच पाईन झाडांवर दोराच्या शिड्या टाकून चढायला सुरुवात केली. तेव्हा त्यांचं वय साठीला टेकलेलं होतं. त्यांना ही वाट दाखवली ती त्याच रिचर्ड पफने. गरुडाच्या घरट्यातल्या पिल्लांच्या पायांत क्रमांकाची कडी घालायची, म्हणजे पुढे पक्षी कुठे सापडला तर कळतं. 1939 पासून दहा वर्षांत त्यांनी हजाराहून जास्त पिल्लांना कडी घातली. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत मिळून कडी घातलेल्या गरुडांची संख्या होती 166. सुरुवातीला टॅम्पा ते फोर्ट मायर्स या किनाऱ्यावर त्यांना सव्वाशे नांदती घरटी सापडली होती, वर्षाला सुमारे दीडशे पिल्लं मिळत. 1947 पासून घरटी रिकामी राहू लागली. अंडी असली तरी फुटत, उबत नसत. 1957 साली त्रेचाळीस घरट्यांत मिळून आठ पिल्लं. आणि 1958 साली शंभर मैल किनारा तुडवल्यावर ब्रोलींच्या हाताला एक पिल्लू लागलं. एकच. हे डीडीटीमुळे होत असावं, असं त्यांनी त्याच साली लिहिलं आणि पुढच्या वर्षी ते वारले. 1962 साली रेचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात ब्रोलींचे आणि हॉक माउंटनचे हे आकडे आले आणि सगळ्या देशाला जाग आली.

आता मी थोडा अडखळणार आहे. कारण डीडीटी हा शब्द माझ्या घरातला आहे.

माझे वडील हिवताप निर्मूलनाच्या फवारणी टोळीत होते. खांद्यावर पंप, अंगावर खाकी कपडे. पावसाळ्याच्या तोंडाला ते वाड्या-वाड्यांतून हिंडत, घराच्या आतल्या भिंतींवर डीडीटीचा फवारा मारत आणि दारावर गेरूने तारीख लिहीत. बायका कुरकुरत, सारवलेल्या भिंतीवर पांढरे ओघळ येतात म्हणून. पण ढेकूणही मरत, त्यामुळे राग फार टिकत नसे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दर वर्षी अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत. 1953 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि 1965 पर्यंत रुग्णांची संख्या लाखभरावर आली. वडिलांची धाकटी बहीण त्या कार्यक्रमाच्या आधी तापाने गेली होती. ते फारसं बोलत नसत, पण दारावर तारीख लिहिताना अक्षर सुबक काढत. मला वाटतं, त्या तारखेत ते बहिणीला काहीतरी सांगत असावेत. डीडीटीचा हा गुण शोधणाऱ्या पॉल म्यूलर यांना 1948 साली नोबेल मिळालं, त्यात आमच्या घराला वावगं काहीच वाटलं नसतं.

हॉक माउंटनच्या दगडावर बसून मी हे मुलीला सांगितलं. तिने विचारलं, "मग आजोबांनी चूक केली का?"

प्रश्न सरळ होता. मी तिला जे उत्तर दिलं, तेच तुम्हाला देतो. घराच्या भिंतीवर डासासाठी दिलेला पातळ हात वेगळा आणि विमानातून शेतांवर, रानांवर, खाजणांवर केलेला वर्षाव वेगळा. एकट्या अमेरिकेत 1959 या वर्षात सुमारे 36 हजार टन डीडीटी वापरलं गेलं. ते विरून जात नाही. पाण्यातून बारीक जिवांत, त्यांच्यातून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत, असं साठत, दाट होत ते शेवटी मासे खाणाऱ्या गरुडाच्या अंगात उतरतं. तिथे ते अंड्याच्या कवचाला लागणारा चुना नीट बसू देत नाही. कवच पातळ होतं आणि ऊब देणाऱ्या आईच्याच वजनाने अंडं फुटतं. हे सिद्ध झालं, तेही गमतीदार रीतीने. जुन्या काळातल्या हौशी लोकांनी जमवलेली पक्ष्यांची अंडी संग्रहालयांत पडून होती. 1968 साली दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यांची कवचं नव्या अंड्यांशी ताडून पाहिली, तेव्हा डीडीटीनंतरची कवचं पातळ निघाली. औषध तेच होतं. एका जागी त्याने पाळणे वाचवले, दुसऱ्या जागी रिकामे केले. वडिलांनी चूक केली, असं मला वाटत नाही. पण घरट्यांकडे कोणी पाहिलंच नसतं, तर ती चूक सगळ्यांचीच झाली असती.

1972 साली अमेरिकेने शेतीतला डीडीटीचा वापर बंद केला. 1963 मध्ये अलास्का सोडून उरलेल्या मुख्य भूमीवर या गरुडाच्या पाचशेहूनही कमी जोड्या उरल्या होत्या. न्यूयॉर्क राज्यात एकच जोडी शिल्लक होती आणि तिलाही पिल्लं होत नव्हती. मग 1976 पासून बाहेरून पिल्लं आणून, उंच मनोऱ्यांवर वाढवून तिथे सोडली. जवळजवळ दोनशे. त्यांतली बहुतेक आली कुठून? अलास्कातून! जिथे पाय कापून आणणाऱ्याला दोन डॉलर मिळत होते, तिथल्याच घरट्यांनी ही पोरं दिली.

28 जून 2007 रोजी हा गरुड धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अंदाजानुसार अलास्का वगळता त्यांची संख्या 3 लाख 16 हजार 700 भरली. आणि एक मौज सांगतो. 1782 पासून राजमुद्रेवर असलेला हा पक्षी कायद्याने 'राष्ट्रीय पक्षी' कधी झालाच नव्हता. तो ठराव 2024 च्या डिसेंबरमध्ये झाला. संकटं मात्र संपलेली नाहीत. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत तपासलेल्या गरुडांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत शिसं मुरलेलं आढळलं. शिकाऱ्यांनी मारून टाकलेल्या जनावरांच्या मांसातून गोळ्यांचे कण त्यांच्या पोटात जातात.

परत येण्याआधी मी पुन्हा एकदा कोनोविंगोला गेलो. ते गृहस्थ खुर्चीवर होतेच. या खेपेला मीही वही नेली होती, मधोमध रेघ मारून. थंडी बोचत होती. धरणाचा भोंगा वाजला, पाणी वाढलं, आणि उरलेल्या उजेडात गरुड एकामागून एक झाडीकडे जाऊ लागले. पांढरं डोकं दिसलं की डाव्या रकान्यात काडी. काळी फळी दिसली की थांबायचं, डोकं पाहायचं, पंख पाहायचे, मग उजव्या रकान्यात. काही दिसेनासं झालं तेव्हा आम्ही वह्या ताडून पाहिल्या. डावीकडे माझे बावीस, त्यांचेही बावीस. उजवीकडे माझे सतरा, त्यांचे एकोणीस. दोन पोरं मी गिधाडांत घातली होती. ते म्हणाले, "हरकत नाही. सतरा असोत की एकोणीस, घरटी भरलेली आहेत."

आता मी गावी असतो. आमच्या खाडीवर समुद्रगरुडाची एक जोडी आहे. तो या अमेरिकी गरुडाच्याच कुळातला. डोकं आणि पोट पांढरं, पाठ राखाडी. त्याची पोरंही सुरुवातीला तपकिरी असतात, हे मला साठ वर्षं त्या खाडीकाठी काढून माहीत नव्हतं. आपल्याकडे गिधाडं होती, इतकी होती की कोणी मोजली नाहीत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने ती मेली, हे 2004 साली कळलं आणि 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

म्हणून संध्याकाळी चहा झाला की मी जेटीवर जाऊन बसतो. लोक विचारतात, "गुरुजी, काय बघता?" मी वही दाखवतो. डाव्या रकान्यात दोन काड्या रोजच्याच आहेत. उजवा रकाना गेलं वर्षभर कोरा होता. यंदा माघात, दिवेलागणीला, सुरूच्या बनावरून एक तपकिरी पक्षी आला. घार म्हणून मी नजर वळवणार होतो. मग त्या गृहस्थांचं बोलणं आठवलं. थांबलो, पंख पाहिले, आकार पाहिला आणि उजव्या रकान्यात पहिली काडी मारली.